रूममेट पाच महिने भाडं देईना, मालक आमच्या मागे लागलेत. कायद्यानं काय करता येईल? (जुळे सोलापूर)

जुळेसोलापूरची_मी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांब होईल पण सगळं एकदाच सांगते.

जुळे सोलापुरात टू बीएचकेमध्ये आम्ही तिघी राहतो. भाडं १२,०००, म्हणजे प्रत्येकी ४,०००, शिवाय लाइटबिल आणि वायफाय तिघीत. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण दोन वर्षं इथेच आहोत. तिसरी गेल्या जूनमध्ये आली, आधीच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून ती गेली तिच्या जागी. सप्टेंबरपर्यंत काही सांगायला लागलं नाही, एक तारखेला पैसे यायचे. ऑक्टोबरला म्हणाली पगार झाला नाही, दिवाळीनंतर देते. दिवाळी झाल्यावर म्हणाली गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वरांची जत्रा) झाला की सगळे एकदम देते. आता गड्डा होऊन महिना उलटला, फेब्रुवारी संपत आला, तरी काही नाही. मध्ये डिसेंबरात एकदा २,००० टाकले, तेवढेच. हिशोब केला तर भाड्याचे १८,००० आणि लाइट-वायफायचे १,८५० असे १९,८५० होतात.

मालकांचा पाच तारखेला फोन येतोच. ते म्हणतात तुमच्यातलं मला काही सांगू नका, मला पूर्ण बारा पाहिजेत. म्हणून पाच महिने आम्ही दोघी सहा-सहा हजार भरतोय. माझा पगार सतरा हजार, त्यातले पाच घरी पाठवते. मागच्या महिन्यात घरी पाठवायला माझ्याकडे काहीच उरलं नाही आणि आईला काय सांगू ते कळेना.

ती रोज समोर असते, एकाच गॅसवर चहा होतो, आणि विषय काढला की उठून आत जाते. मागच्या रविवारी स्पष्ट म्हणाली "माझं नाव कुठंय करारात? तुम्हाला काय करायचं ते करा." तेव्हापासून झोप नाही.

पोलिसात जाता येतं का? तिला बाहेर काढता येतं का? आणि मालक आमच्याकडून पूर्ण घेऊ शकतात का? माझी मैत्रीण म्हणते तिचा लॅपटॉप ठेवून घेऊ, पैसे दिल्यावर देऊ.

एमआयडीसी_सेकंडशिफ्ट

लॅपटॉपला हात लावू नका ताई. आधी हे वाचा मग बाकीचं. मी अक्कलकोट रोडला कामाला होतो तेव्हा चौघं राहायचो, एकानं पैसे बुडवले म्हणून आम्ही त्याची गाडीची चावी काढून घेतली, तो थेट चौकीत गेला आणि आम्ही तिघं रात्री अकरापर्यंत बाकड्यावर बसून. पैसे त्यानं बुडवले होते आणि माफी आम्ही लिहून दिली.

केगावचा_विद्यार्थी

सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो टाका ना सरळ. ऑफिसमध्ये पण सांगा. दोन दिवसात पैसे येतील.

काळाकोट_सोलापूर

केगावचे दादा, असला सल्ला कुणाला देऊ नका. फोटो टाकून "ही पैसे बुडवते" लिहिलं तर बदनामीची तक्रार तिच्या हातात आयती पडते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. आणि लॅपटॉपचं वर सांगितलंय ते बरोबर आहे. येणं आहे म्हणून दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलली तर तीही चोरीत धरली जाऊ शकते, त्याच संहितेचं कलम ३०३. आज तुम्ही पूर्णपणे बरोबर बाजूला आहात ताई, ती बाजू सोडू नका.

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करतो, रोज असले वाद बघतो म्हणून सविस्तर लिहितोय.

पोलीस. पैसे दिले नाहीत एवढ्यावर फसवणूक होत नाही. फसवणूक म्हणजे (आता कलम ३१८, पूर्वीचं ४२०) पहिल्या दिवसापासून बुडवायच्याच हेतूनं आली होती असं दाखवावं लागतं. तिनं जून ते सप्टेंबर नीट पैसे दिलेत, म्हणजे तो मुद्दा तिथंच पडतो. ठाण्यात गेलात तर हा दिवाणी वाद आहे असं सांगतील आणि ते बरोबरच सांगतील. धमकी दिली, अंगावर आली तर मात्र जरूर जा.

मालक. करारावर दोघींच्या सह्या असतील तर मालक कुणाही एकीकडून पूर्ण भाडं मागू शकतात. भारतीय करार कायदा १८७२, कलम ४३. संयुक्तपणे वचन दिलं की समोरचा कुणाही एकाला धरू शकतो. पण त्याच कलमात पुढे आहे की ज्यानं पूर्ण भरलं तो बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागू शकतो, आणि एखाद्यानं दिलाच नाही तर तो तोटा उरलेल्यांनी सारखा वाटून सोसायचा. तुम्ही दोघी सहा-सहा भरताय ना, कायदाही साधारण तसंच सांगतो.

आता मला सांगा: करार कुणाच्या नावावर आहे, रजिस्टर आहे की नोटरी, आणि ती आली तेव्हा डिपॉझिट कुणी कुणाला दिलं?

दोन_लेकींची_आई

बाळा, तुझ्या आईला खरं सांग आधी. पैसे पाठवता आले नाहीत हे कारण कळलं तर तिला वाईट वाटणार नाही, तू लपवलंस हे नंतर कळलं तर वाटेल. माझी लेक पुण्याला असते, मला हेच वाटतं रोज.

आणि त्या मुलीच्या घरच्यांशी बोललात का कुणी? नोकरी गेलीय का तिची?

जुळेसोलापूरची_मी

काकू, काल रात्री आईला सांगितलं. धन्यवाद. नोकरी आहे तिची, रोज डबा घेऊन जाते. घरच्यांचा नंबर नाही माझ्याकडे.

वकीलसाहेब, करार ऑगस्टमध्ये परत केला अकरा महिन्यांचा, नोटरी आहे, रजिस्टर नाही. त्यात माझं आणि मैत्रिणीचं नाव आहे, तिचं नाही. मालक म्हणाले होते आता परत तिसरं नाव कुठं टाकत बसायचं, राहू दे. तिच्या आधारची झेरॉक्स मात्र त्यांनी व्हॉट्सॲपवर मागून घेतली होती.

डिपॉझिट ३६,००० आहे मालकांकडे. ती आली तेव्हा तिनं जाणाऱ्या मुलीला थेट १२,००० पाठवले.

सातरस्ता_९६

मग ती बोलतेय ते खरंच की. नाव नाही तर कोर्ट तिला काय करणार?

काळाकोट_सोलापूर

नाही, इथंच लोक चुकतात आणि समोरच्याच्या एका वाक्यानं घाबरून गप्प बसतात.

करारात नाव नाही म्हणजे मालक तिच्याकडून भाडं मागू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे वर मी ४३ कलम सांगितलं ते तिला थेट लावता येणार नाही, ते तुमच्या दोघींपुरतं. पण तुम्ही आणि ती यांच्यात वेगळा करार आहे, तोंडी. "खोली वापर, महिन्याला चार हजार दे." तोंडी करारही करारच असतो, फक्त सिद्ध करावा लागतो. आणि तुमच्याकडे पुरावा आहे: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे सलग चार महिने तिच्या खात्यातून ४,००० आलेत. कुणी उगाच दर महिन्याला चार हजार पाठवत नाही. समजा हे सगळं बाजूला ठेवलं तरी करार कायद्याचं कलम ७० आहे: फुकट करायचा हेतू नसताना तुम्ही एखाद्यासाठी काही केलं आणि त्यानं त्याचा फायदा घेतला, तर त्यानं मोबदला दिला पाहिजे. ती त्या घरात झोपतेय, दुसरं काय सांगायचं.

आता डिपॉझिट. तुम्ही हे शेवटी लिहिलंत, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. मालकाकडच्या ३६ मधले १२,००० वास्तविक तिचे आहेत. ती जाईल आणि नवीन मुलगी येईल तेव्हा नवीन मुलगी १२,००० देईल, ते तुमच्या हातात येतील. म्हणजे आज ती गेली तर तुमचं खरं येणं १९,८५० नाही, ७,८५० आहे. प्रत्येक महिना ती राहिली की यात चार हजार आणि बिल वाढतं. म्हणून वसुलीच्या आधी दुसरी गोष्ट करायची: ती कधी जाणार ती तारीख ठरवायची. पण डिपॉझिटमधून वळते करून घ्यायला तिची लेखी संमती घ्या, नाहीतर उद्या ती म्हणेल माझे बारा हजार यांनीच खाल्ले.

जुळेसोलापूरची_मी

७,८५० हे वाचून खरं सांगते डोळ्यात पाणी आलं. आम्ही डिपॉझिटचा हिशोबच धरला नव्हता.

पण ती जायला तयार नसेल तर? कुलूप बदललं तर चालेल का? ती गावाला जाते महिन्यातून एकदा.

काळाकोट_सोलापूर

कुलूप बदलू नका. ताब्यात असलेल्याला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायला दावा करू शकतो, विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ चं कलम ६. तुमच्या परवानगीनं राहणाऱ्या रूममेटचा ताबा हा त्या अर्थानं ताबा धरायचा का, यावर कोर्टात वाद घालता येईल, पण तो वाद तुम्ही स्वतःच्या खर्चानं का घालायचा? लेखी कळवा की राहण्याची परवानगी अमुक तारखेपासून संपली. महिनाभराचा वेळ द्या. मुलगी आहे, रात्रीत जाणार कुठं, हे कोर्टही बघतं आणि आपणही बघावं.

विजापूररोड_मालक

माझे दोन फ्लॅट भाड्यानं आहेत, मालकांच्या बाजूनं लिहितो. मालकाचा हप्ता असतो, मेंटेनन्स असतो, तिघींमधली भांडणं तो सोडवू शकत नाही. पण नाव टाकायला नको म्हणणं ही त्यांची चूक आहे, स्पष्ट सांगतो. मी पण आधी नोटरीवरच करायचो, खर्च वाचतो म्हणून. मग एकानं मला हिशोब करून दाखवला. बारा हजार भाडं, अकरा महिने, छत्तीस डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं साडेतीनशेच्या आत येतं आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. एजंटचे काय असतील ते वेगळे. सगळे घरी बसून ऑनलाइन अंगठा लावतात. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं कच्च्या कागदावर बसलो होतो.

काळाकोट_सोलापूर

मालकसाहेब, याला जोडून सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

ताई, हे मालकांना धमकी म्हणून वापरू नका. त्यांच्याशी तुमचं भांडण नाही. तिच्या आधारची झेरॉक्स त्यांनी मागून घेतली म्हणजे ती राहते हे त्यांना माहीत होतं, तो मेसेज जपून ठेवा. न विचारता तिसरी ठेवली असं उद्या ते म्हणू शकणार नाहीत.

बाळीवेसची_अक्का

ताई मी पण यातून गेलेय. पैसे तोंडानं मागू नकोस. लिहून माग. तोंडी मागितलं की भांडण होतं, ती रडते, तू रडतेस, आणि सकाळी हातात काही नसतं. माझ्या वेळी मी व्हॉट्सॲपवर फक्त हिशोब टाकला, शिव्या नाही, टोमणा नाही, महिना आणि आकडा. तिनं "हो माहितीय, एप्रिलमध्ये देते" लिहिलं. ते एक "हो माहितीय" पुढे लई कामाला आलं.

काळाकोट_सोलापूर

अक्कांनी बरोबर नस पकडलीय.

पुराव्याचं सांगतो. चॅट डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर जुना ठेवा. स्क्रीनशॉट ठीक आहेत पण पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, जुन्या लोकांना आधीच्या पुरावा कायद्याचं ६५बी म्हणून माहीत असेल तेच. यूपीआयचे स्क्रीनशॉट नकोत, बँकेतून स्टेटमेंट काढा, तुमचंही आणि मैत्रिणीचंही. मालकांकडून दर महिन्याची पावती घ्या, पावती देणं त्यांना बंधनकारक आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ३१.

मुदतीची घाई नाही, पण विसरूही नका. पैशाच्या अशा दाव्याला तीन वर्षं असतात, आणि ती प्रत्येक महिन्याच्या येण्यासाठी वेगळी मोजली जातात. मुदत संपायच्या आत तिनं आपण एवढे पैसे देणं लागतो असं सही करून मान्य केलं तर त्या तारखेपासून परत तीन वर्षं मिळतात, मुदत कायद्याचं कलम १८.

पहिलं पत्र वकिलाकडूनच पाहिजे असं नाही. तुम्ही दोघींनी सही करून पाठवा. साधारण असं:

"आपण जूनपासून आमच्यासोबत सदर फ्लॅटमध्ये राहत असून दरमहा रु. ४,००० व वीज-इंटरनेटचा एक तृतीयांश वाटा देण्याचे ठरले होते. सप्टेंबरपर्यंत आपण त्याप्रमाणे रक्कम दिली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांचे रु. २०,००० पैकी रु. २,००० मिळाले असून रु. १८,००० व बिलांचे रु. १,८५०, एकूण रु. १९,८५० येणे आहे. ही रक्कम आपल्या वतीने आम्ही मालकांना भरली आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यावी अथवा हप्ते लेखी ठरवून द्यावेत. आपली राहण्याची परवानगी ३१ मार्चपासून संपुष्टात येईल. आपले डिपॉझिटचे रु. १२,००० यातून वळते करण्यास आपली संमती असल्यास खाली सही करावी."

एवढंच. "फसवणूक", "तुरुंग" असले शब्द नकोत. एक प्रत हातात द्या, एक स्पीड पोस्टानं पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा पोस्टात रजिस्टर मागितलं नि नाही म्हणाले तर गोंधळू नका. नोकरीच्या ठिकाणी पाठवू नका, घराच्या पत्त्यावर पाठवा. ती गावाला पत्ता बदलून गेली तरी दावा सोलापुरात करता येतो, कारण व्यवहार इथं झालाय.

टॉवेलवाला

ग्राहक मंचात नाही का जाता येत? आमच्या ओळखीचे एक म्हणाले तिथं वकील लागत नाही.

काळाकोट_सोलापूर

नाही साहेब. ग्राहक आणि सेवा देणारा असं नातं पाहिजे. पीजी चालवणाऱ्यानं जेवण-खोलीचे पैसे घेऊन सोय दिली नाही तर तिथं जाता येईल. दोन रूममेटमध्ये कुणीच कुणाचा ग्राहक नाही.

सातरस्ता_९६

एवढं करून सात-आठ हजारांसाठी कोर्ट? वर्षं जातील. मी ताईंच्या जागी असतो तर सोडून दिले असते. वाईट वाटून घेऊ नका, मनापासून सांगतोय.

जुळेसोलापूरची_मी

दादा, सात हजार म्हणजे माझ्या पगारातले बारा दिवस आहेत. आणि मार्च धरला तर बारा हजार होतील.

काळाकोट_सोलापूर

सातरस्ताकर, दावा वेळ खातो हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण दाव्याच्या आधी एक दार आहे आणि ते या ताईंसाठी पूर्ण उघडं आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ बघा: महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. पगार किती हा प्रश्नच येत नाही. तिथं दावापूर्व अर्ज द्यायचा, दोघींनी मिळून, कारण पैसे दोघींनी भरलेत. ते समोरच्या मुलीला बोलावतात. बसून तडजोड झाली तर लोकअदालतीत तसा निवाडा होतो आणि त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते, कलम २१, वर अपीलही नाही. हेल्पलाइन १५१०० आहे, आधी तिथं विचारलं तरी चालेल. तिला यायची सक्ती करता येत नाही, ही त्यातली कच्ची बाजू. पण कोर्टाच्या आवारातून बोलावणं आलं की बहुतेक माणसं येतात, हा माझा अनुभव.

नाहीच आली तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे वसुलीचा दावा. तिनं सही करून रक्कम मान्य केलेली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी दावा टाकायचा विचार करता येतो, त्यात समोरच्याला बचावासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. हुकूमनामा झाल्यावर पगारावर जप्ती येते. पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी, म्हणजे सोळा हजार पगार असेल तर महिन्याला पाच हजारांपर्यंत. त्यामुळे नोकरी असलेल्या माणसाकडून वसुली होते. हातात काही नसलेल्याकडून होत नाही, हे त्यात खरं अवघड.

तडजोडीत हप्ते ठरले तर पुढच्या तारखांचे चेक घ्या. चेक परत आला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, तिला पैसे द्यायला पंधरा दिवस, नंतर एक महिन्यात तक्रार. या तारखा चुकवायच्या नाहीत, बरीच प्रकरणं तिथंच मरतात.

दोन_लेकींची_आई

पत्र देताना दोघी मिळून द्या, आणि पाणी यायच्या दिवशी नको. त्या दिवशी सगळ्यांचं डोकं बॅरल भरण्यात असतं. रात्री जेवण झाल्यावर शांतपणे द्या.

जुळेसोलापूरची_मी (आठ दिवसांनी)

काल रात्री दिलं. तिनं वाचलं, सही केली नाही, आत गेली. सकाळी मी उठायच्या आधी निघून गेली होती. स्पीड पोस्टाची पावती ठेवलीय. हात थरथरत होते पण मी ओरडले नाही.

बाळीवेसची_अक्का

शाब्बास. आता अर्ज दे, थांबू नकोस. पंधरा दिवस मोजत बसलीस की मन परत मऊ होतं.

जुळेसोलापूरची_मी (मे महिना)

धागा वर काढतेय कारण तुम्ही सगळ्यांनी विचारलं होतं आणि मी गायब झाले होते.

मार्चमध्ये आम्ही दोघींनी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला. पैसे लागले नाहीत. एक वकील मॅडम मिळाल्या, त्यांनी आमचा हिशोब बघितला आणि पहिलं विचारलं की वहीत प्रत्येक महिना वेगळा का लिहिला नाही, मग तिथंच बसून लिहून घेतला. पहिल्या तारखेला ती आली नाही. दुसऱ्या तारखेला आली, सोबत तिचे वडील. मला वाटलं होतं आता भांडण होणार. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. ते खुर्चीवर बसूनच राहिले, आणि मग म्हणाले पोरीनं लेकाच्या क्लासची फी भरली, मला म्हणाली ओव्हरटाइमचे आहेत. भावाचे पुण्याचे क्लास ती भरत होती. आमच्या पैशातून, असं नाही म्हणणार मी, पण झालं तसंच. मला राग होताच आणि तरी त्या माणसाकडे बघवेना.

हिशोब असा झाला. मार्चअखेर सहा महिन्यांचे २४,०००, त्यातून मिळालेले २,००० वजा, बिलांचे २,१५०, एकूण २४,१५०. ती ३१ मार्चला गेली. नवीन मुलगी आली, तिनं १२,००० आमच्याकडे दिले, ते गेलेल्या मुलीच्या लेखी संमतीनं वळते केले. उरले १२,१५०. वरचे दीडशे आम्ही सोडले, तीन-तीन हजारांचे चार हप्ते, चारही चेक आमच्या हातात, आणि लोकअदालतीत तसा निवाडा झाला. त्याची प्रत मिळाली.

केगावचा_विद्यार्थी

ताई सॉरी, मी फोटो टाका म्हणालो होतो. आमच्याकडे पण सध्या असंच चाललंय, चौघं आहोत, एकजण तीन महिने देईना. करार चौघांच्या नावावर आहे. काय करू?

काळाकोट_सोलापूर

चौघांची नावं असतील तर तुमची बाजू भक्कम आहे, ४३ कलम थेट लागतं. आज संध्याकाळीच हिशोब टाका ग्रुपवर, महिना आणि आकडा, बाकी एक शब्द नको. आणि लक्षात ठेवा, महिलांसारखी सरसकट सूट तुम्हाला नाही, मोफत वकिलासाठी तुमचं उत्पन्न मर्यादेत आहे का ते बघतील. दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज मात्र कुणीही देऊ शकतं.

विजापूररोड_मालक

ताई, नवीन मुलीचं नाव टाकलं का करारात?

जुळेसोलापूरची_मी

टाकलं काका. जुना करार रद्द करून नवीन केला, या वेळी रजिस्टर. मालक आधी नाही म्हणाले, मग मी तुमचा तो साडेतीनशे आणि हजारचा हिशोब त्यांना दाखवला, तर म्हणाले एवढंच होय. एजंट घरी मशीन घेऊन आला, तिघींचे आणि मालकांचे अंगठे झाले. तिघींमध्ये वेगळा एक कागद पण केलाय, कोण किती देणार, कुणी सोडून जाणार असेल तर एक महिना आधी सांगायचं, डिपॉझिट कुणाचं किती, तिघींच्या सह्या.

पहिला चेक परवा वटला. तिचा कुकर आमच्याकडे राहिलाय, रविवारी न्यायला येते म्हणालीय. मैत्रिणीनं घासून दाराजवळ ठेवलाय.